दुसरा हात

१

कुरुंद्याच्या बाहेर, ओढ्याकाठी, पांढरीचं, म्हणजे मोडलेल्या जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आहे. गावाला त्याचं विशेष अप्रूप नाही. पावसाळा सरला की तिथे खापरं आणि मणी वर येतात, पोरं ते वेचतात, फेकून देतात. २००२ च्या हिवाळ्याअखेर तिथे उत्खनन सुरू झालं आणि केतकी त्या कामावर आली.

ती मूळची हिंगोलीची. वडील देवस्थानच्या कचेरीत कारकून होते. शिक्षणाला म्हणून पुण्याला गेली आणि जुन्या मातीच्या भांड्यांत अशी रमली की लग्नाचं बोलणं घरच्यांनी आपोआप सोडून दिलं. उत्खननाचे प्रमुख विश्वंभर सर. कोणत्याही टेकाडावर खापर निघालं की ते न बघताच म्हणायचे, “केतकीला दाखवा.” एवढंच. त्या दोन शब्दांवर तिनं आयुष्याची दहा-बारा वर्षं काढली होती.

राहायला गावातल्या एका हळद व्यापाऱ्याचं रिकामं घर भाड्यानं घेतलं होतं. अंगणाला लागून हळदीची कोठी होती. पोती ठेवून ठेवून तिची जमीन कायमची पिवळी पडली होती. त्या जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखून केतकीनं खापरं मांडली. कोठीला दोन दारं होती. एक अंगणात उघडणारं, त्याला बाहेरून कडी आणि कुलूप. दुसरं केतकीच्या राहत्या खोलीत उघडणारं. त्याची खिटी ती आपल्या बाजूनं लावून ठेवायची.

काम रोजचंच. टेकाडावरून टोपल्या यायच्या. तांड्यावरची भिकाबाई अंगणात बसून खापरं धुवायची, वाळवायची. मग केतकी निवडायला बसायची. तांदूळ निवडावेत तसंच ते, फक्त खडा कोणता आणि दाणा कोणता हे आधी ठरलेलं नसतं. माती जाड की बारीक, वर लाल लेप आहे की नाही, काठ बाहेर वळलेला की सरळ. शेवटी प्रत्येक तुकडा दुसऱ्या तुकड्यानं हलकेच वाजवून बघायचा. चांगलं भाजलेलं खापर टणकन वाजतं, कच्चं असेल तर बद्द.

त्या टेकाडातून जेवणाची भांडी फार सुंदर निघत होती. लाल चकचकीत वाडगे, उथळ ताटल्या, आणि त्यांच्या आतल्या अंगाला काळ्या रंगात हरणांची रांग. प्रत्येक हरीण मान वळवून मागे बघणारं. जेवणाऱ्यानं अन्न संपवलं की तळातून ते त्याच्याकडे बघणार, अशी योजना. रंगवलेल्या तुकड्यांचा केतकीनं एकच ढीग केला होता. एका गावची, एका घडणीची, एकाच काळाची भांडी. तिला त्यात शंका नव्हती.

२

निलम आली ती दुसऱ्या पंधरवड्यात. कळमनुरीकडच्या तांड्यावरची मुलगी, नांदेडला एम. ए. करत होती. सरांनी तिला केतकीच्या हाताखाली दिलं. अंगानं किरकोळ, बोलायला मोकळी, आणि नजर अशी की केतकीनं दोन तुकडे हातात घेऊन विचार करावा तोवर निलमनं तिसरा आणून त्यांना जोडून दाखवावा.

पहिले काही दिवस केतकीला बरं वाटलं. मग एका दुपारी टेकाडावर खापर निघालं आणि सर म्हणाले, “निलमला दाखवलं का?”

ते सहज म्हणाले होते. पण केतकीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यानंतर तिला सगळं दिसायला लागलं. सर निलमशी बोलताना चष्मा काढून बोलतात. भिकाबाई आणि निलम आपल्या गोरमाटी बोलीत काहीतरी बोलतात आणि हसतात. निलम खापर वाजवते तेव्हा डोळे मिटते, जणू गाणं ऐकतेय. या डोळे मिटण्याचा केतकीला इतका राग यायचा की तिची तिलाच लाज वाटायची. ती स्वतःला समजवायची, पोरगी हुशार आहे, आपण शिकवलंय, आपलंच नाव होईल. पटायचं, पण छातीतली आच तेवढ्यानं कमी होत नसे.

त्यातच सरांनी कोठीच्या कुलपाची दुसरी किल्ली निलमला दिली. केतकीला विचारून दिली असती तर तिनं हो म्हटलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

३

दुपारी केतकी थर बघायला टेकाडावर जायची आणि निलम घरी थांबायची. एकदा ती लवकर परतली. उन्हाचा कडाका, गल्लीत चिटपाखरू नाही, कुठंतरी हळद शिजत होती तिचा उग्र वास गावभर पसरलेला. ती आपल्या खोलीत शिरून पाणी प्याली आणि पलीकडच्या कोठीतून आवाज आला.

टण.

मग थोडं थांबून, टण. मग बद्द. मग पुन्हा टण.

कुणीतरी एकेक खापर वाजवून बघत होतं. घाई नव्हती. केतकी भिंतीला टेकून ऐकत राहिली. मी केलेली निवड ही तपासतेय, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं हाक मारली नाही. हाक मारली तर आपला आवाज कसा येईल याची तिला खात्री नव्हती.

संध्याकाळी तिनं कोठी उघडली. रंगवलेल्या खापरांचा ढीग एक राहिला नव्हता. त्याचे दोन झाले होते.

तिनं आधी रागानं आणि मग कुतूहलानं दोन्ही ढिगांतले तुकडे कंदिलाजवळ घेतले. हळूहळू तिच्या लक्षात आलं. हरणाच्या अंगावर बारीक तिरक्या रेघा असायच्या. कुंचला टेकतो तिथे रेघ जाड, उचलतो तिथे बारीक. एका ढिगात सगळ्या रेघा एका बाजूनं सुरू झालेल्या, दुसऱ्यात उलट बाजूनं. रंगवणारी माणसं दोन होती. एक उजव्या हातानं काढणारी आणि एक डावखुरी. उजव्या हाताची हरणं आत्ता उडी मारतील अशी. डावखुरीची तशीच, मापात बरोबर, पण मान वळवलेली वाटायची नाही, कुणीतरी धरून मुरगळल्यासारखी वाटायची.

एक बघून दुसरी काढत होती. शेजारी बसून.

इतकी वर्षं खापरं हाताळून हे आपल्याला दिसलं नाही आणि त्या पोरीला दिसलं. केतकी रात्रभर त्यावर तळमळली आणि सकाळी सर कोठीत आले तेव्हा तिनं दोन्ही ढीग त्यांच्यापुढे ठेवले, दोन हातांची गोष्ट सांगितली. आपली म्हणून सांगितली. निलम दाराशी उभी होती. आता ही बोलेल, म्हणून केतकीनं तिच्याकडे पाहिलं. निलमचे डोळे चमकत होते.

“मॅडम, मला तर हे दिसलंच न्हाई,” ती म्हणाली. “तुमी कधी केलं हे?”

केतकीला वाटलं, किती साळसूद आहे. मोठेपणा दाखवतेय. भीक घालतेय मला.

४

पुढच्या आठवड्यांत थरामागून थर लागत गेले आणि चित्र स्पष्ट झालं. खालच्या, म्हणजे आधीच्या थरांत उजव्या हाताची भांडी जास्त, डावखुरीची थोडी आणि कच्ची. मधल्या थरांत दोघींची सारखी. वरच्या थरात उजवा हात अजिबात नाही. फक्त डावा, आणि आता त्याची हरणं अगदी पहिलीसारखी, उडी मारणारी.

“सुधारली,” केतकी म्हणाली. बोलताना तिला कारण नसताना बरं वाटलं.

सर खड्ड्याच्या कडेवर बसले. मग म्हणाले, “आणि पहिलीचं काय झालं?”

मेली असेल, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली असेल, काहीही असेल, असं केतकी म्हणाली. सरांनी मान हलवली. खापरावरून तेवढं कळत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

त्याच दिवशी तिला तुटलेले तुकडे सापडले. कोठीत, उजव्या हाताच्या ढिगात. हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या खापराची कड मळकी, गुळगुळीत असते. आज फुटलेल्या खापराची कड लालभडक, कोरी. त्या ढिगातल्या चांगल्या चांगल्या तुकड्यांना ताज्या कडा होत्या. प्रत्येक तुकडा बरोबर हरणाच्या मानेवर मोडला होता. डाव्या हाताच्या ढिगाला कुणी बोट लावलं नव्हतं.

केतकीनं निलमला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं की हे करून तुला काय मिळालं. निलमला आधी कळेना. मग कळलं. आपण दुपारी कोठीत पाऊलही टाकत नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

“तुझ्याकडे किल्ली आहे,” केतकी म्हणाली. “आणि मी स्वतः ऐकलंय तुला. दुपारी, खापरं वाजवताना.”



“मला वाटलं, तुमीच असता, मॅडम,” निलम म्हणाली. “आतल्या दारानं येऊन बसता म्हणून. मी अंगणातून विचारते पण, चहा आणू का. तर तुमी ऊं म्हणता.”

“मी दुपारी टेकाडावर असते, निलम.”

“मग ऊं कोन म्हणतं?”

केतकीनं तिला जायला सांगितलं. त्या प्रश्नावर तिनं मुळीच विचार केला नाही असं नाही. केला. कोठीच्या पत्र्यावर कबुतरं असतात, ती घुमतात. उंदीर खापरं हलवतात. पण हे सगळं मनात मांडून झाल्यावर तिला कबुतरांपेक्षा आणि उंदरांपेक्षा निलमचं खोटं जास्त पटलं. ते पटवून घ्यायला काहीच कष्ट पडत नव्हते.

५

भिकाबाईचं वागणंही बदललं होतं. एकदा केतकी फाटकातून आत येत होती. अंगणात भिकाबाई वाकून खापरं घासत होती. मान वर न करता ती म्हणाली, “बाई, जेवून घ्या आता. मघापासून आत ठोकूनच राहिलात.” मग तिनं मान वर केली आणि केतकीला फाटकात पाहिलं. कोठीच्या दाराकडे पाहिलं. पुन्हा केतकीकडे. हातातलं खापर बादलीत अलगद सोडलं, हात पदराला पुसले.

दुसऱ्या दिवसापासून ती खापरं टेकाडाखालच्या ओढ्यावर धुऊ लागली. तिथे पाणी बरं आहे, असं तिनं सरांना सांगितलं.

म्हणजे भिकाबाईही निलमच्या बाजूची, केतकीनं हिशोब केला. दोघी मिळून मला वेडी ठरवणार. सरांच्या कानावर घालणार की बाईंना भास होतात, काम निलमकडे द्या. आपल्याला ते होऊ द्यायचं नाही. पोरीला एकदा रंगेहाथ पकडायचं, सरांसमोर उभं करायचं, मग बघू ती डोळे कशी मिटते ते.

आपण हे सगळं इतक्या शांतपणे ठरवतोय याचंच तिला नवल वाटलं. छातीतली आच आता जळत नव्हती. चुलीतल्या निखाऱ्यासारखी नुसती ऊब देत होती.

६

त्या दुपारी ती टेकाडावर जाते म्हणून निघाली आणि गावाच्या वेशीवरून माघारी फिरली. अंगण रिकामं होतं. कोठीच्या बाहेरच्या दाराचं कुलूप काढलेलं, दार नुसतं लोटलेलं. ती पावलं न वाजवता आपल्या खोलीत गेली आणि आतल्या दाराला कान लावला.

टण. टण. बद्द.

दाराच्या दोन फळ्यांत बोटभर फट होती. तिनं डोळा लावला. आत अंधूक पिवळा उजेड. रंगवलेल्या खापरांपाशी एक बाई पाठमोरी बसलेली होती. डोक्यावरून काहीतरी मातकट रंगाचं ओढून घेतलेलं. निलम उन्हात ओढणी घेते तसंच. चेहरा दिसत नव्हता, अंगणाकडचं दारही नाही. फक्त कोपर मागेपुढे होत होता आणि खापरामागून खापर उचललं जात होतं.

सापडली, केतकी मनात म्हणाली. तिला आनंद झाला. इतका आनंद तिला त्या हंगामात कशानंच झाला नव्हता.

ती वळसा घालून अंगणात आली आणि बाहेरच्या दाराला कडी घातली. आता टेकाडावर जायचं, सरांना घेऊन यायचं. ती दोन पावलं गेली असेल तोच आतून दार हललं.

“मॅडम?” निलमचा आवाज होता. दाराच्या अगदी जवळून. “कडी कोनी लावली?”

“मीच लावली,” केतकी म्हणाली. “सर येईपर्यंत बस तिथेच.”

मग निलम बोलली, पण आवाज एकदम खाली गेला होता, शेजारी झोपलेलं लेकरू उठू नये म्हणून बोलावं तसा.

“मॅडम, तुमी बाहेर आहात?”

“मग कुठे असणार?”

“मी तुमची माफी मागायला आले होते. तुमी बोलावलं म्हणून.” तिचा श्वास ऐकू येत होता. “मॅडम, तुमी बाहेर असाल, तर हितं माझ्यापुढं कोन बसलंय?”

आणि हे ती बोलत असताना, तिच्या आवाजाच्या मागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खापर वाजत होतं. टण. टण.

केतकीचा हात कडीवर गेला. फटीतून दिसलेलं सगळं तिला आता पुन्हा दिसलं. खापर उचलणारा कोपर डावा होता. निलम सगळं उजव्या हातानं करायची.

कडी ओढायला काहीच लागत नव्हतं. पण हात तिथे थांबला. भीतीनं नव्हे. भीती अजून यायची होती. मनात अगदी साधा विचार आला होता, घरातलं सामान हलवण्याचा असावा इतका साधा. राहू दे. आपण काही केलेलं नाही. आपण टेकाडावर होतो. उद्यापासून सर पुन्हा म्हणतील, केतकीला दाखवा.

आतला ठोकण्याचा आवाज थांबला.

निलम रडत होती, हाका मारत होती, दार हलवत होती. पण त्या दुसऱ्या टोकाला पूर्ण शांतता होती. ती शांतता ऐकणाऱ्याची होती. तिथे जे कोणी होतं ते दारापलीकडे केतकी काय ठरवते याची वाट बघत होतं, आणि त्याला तिचं उत्तर ठाऊक असल्यासारखं वाटत होतं.

मग भीती आली, आणि केतकीनं कडी ओढली.

निलम तिला धक्का देऊन बाहेर पडली आणि फाटकाकडे पळाली. दारातून ऊन आत गेलं, पिवळ्या जमिनीवरून सरकत खापरांपर्यंत पोचलं. बाई तिथेच बसलेली होती. वळलेली नव्हती. निलम पळाली याकडे तिचं लक्षही नव्हतं. ती बसल्या जागी थोडी सरकली. पंगतीत ओळखीचं माणूस आलं की आपण सरकतो तशी. मग डावा हात बाहेर आला, मनगटापर्यंत ओल्या लाल लेपानं माखलेला, आणि तिनं शेजारच्या मोकळ्या जागेवर तळवा दोनदा हलकेच थोपटला.

केतकीनं दार ओढून घेतलं. किती वेळ ती कडी धरून उभी होती कुणास ठाऊक. भिकाबाई आणि सर आले तेव्हा तिची बोटं सोडवावी लागली.

७

सरांनी कोठी उघडली. आत कुणी नव्हतं. आतल्या दाराची खिटी केतकीच्या बाजूनं लावलेलीच होती. उन्हातून अंधारात बघितलं की डोळे असं काहीबाही दाखवतात, सर म्हणाले, आणि दोघींना उन्हाचीच तकलीफ झाली असं ठरलं. केतकीनं आपल्याला कोंडलं होतं, हे निलमनं सरांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

केतकी दुसऱ्या दिवशी ते काम सोडून पुण्याला परतली. जाण्याआधी सरांना एवढंच सांगितलं की पुढची निवड निलमला करू द्या, पण घर बदला. सरांनी खापरं वसमतला एका शाळेच्या रिकाम्या वर्गात हलवली. तिथे कुणाला काही ऐकू आलं नाही.

निलमनं ते काम तडीस नेलं. दोन हातांवरचा तिचा निबंध गाजला, आणि त्यात तिनं जागोजागी लिहिलं होतं की हे दोन हात केतकी मॅडमनी ओळखले. पाच वर्षांनी हिंगोलीत तिचं व्याख्यान ठरलं, तेव्हा ती स्वतः पुण्याला येऊन बोलावून गेली. केतकीला नाही म्हणता आलं नाही.

सभागृह भरलं होतं. केतकी दुसऱ्या रांगेत बसली. निलम छान बोलली. न अडखळता, लोकांना हसवत, पडद्यावर एकेक वाडगा दाखवत. मागून कुणीतरी म्हणालं, अशी नजर जन्मात एखाद्यालाच मिळते. टाळ्या सुरू झाल्या. केतकीही टाळ्या वाजवत होती, आणि वाजवता वाजवता तिला छातीत ती जुनी ऊब जाणवली.

तिच्या डाव्या बाजूची खुर्ची रिकामी होती. केतकीनं तिकडे पाहिलं नाही. टाळ्या संपायच्या आत ती उठली, लोकांचे पाय ओलांडत बाहेर आली आणि रस्त्यावरच्या उन्हात जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळानं निलम बाहेर आली. हातात हाराची फुलं तशीच होती. ती जरा अंतरावर थांबली.

“मॅडम, तुमी अजून नाराज आहात माझ्यावर,” ती म्हणाली. “माझं काही चुकलं का?”

“नाही गं,” केतकी म्हणाली. तिला पोरीचा हात धरावासा वाटत होता, पण आच अजून शमली नव्हती. “तू आत जा. लोक थांबलेत तुझ्यासाठी.”

“आणि तुमी?”

“मी इथंच बरी आहे.”

निलम मान खाली घालून आत गेली. केतकी उन्हातच थांबली, आणि छातीतली ऊब पूर्ण विझेपर्यंत तिनं सभागृहाच्या दाराकडे तोंड केलं नाही.